टर्बोचार्जर : आकार आणि जागा

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा सुमारे तृतीयांश भाग सायलेन्सरवाटे वाऱ्यावर जातो, ही उधळपट्टी डोळ्यांत सलून तिच्या वसुलीची तजवीज १९०५ साली पेटंटाच्या दप्तरी रुजू करणारा गृहस्थ म्हणजे आल्फ्रेड ब्यूखी हा स्विस अभियंता. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या वाटेत एक चक्र बसवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरावी, आणि वाढलेल्या हवेच्या मानाने अधिक इंधन जाळावे, एवढीच ती कल्पना. ही यंत्रणा बसवू म्हणणाऱ्यापुढे तेव्हापासून दोन प्रश्न उभे आहेत : चक्र केवढे असावे, आणि ते बसवावे कोठे? आपली गाडी अधिक वेगवान करू पाहणारा हौशी मनुष्य पहिल्या प्रश्नावर रात्री जागवतो आणि दुसरा मिस्त्रीवर सोपवून मोकळा होतो; इतिहासाचा कौल मात्र असा आहे की, दुसऱ्याचा निकाल लागल्यावाचून पहिल्याचे उत्तर देताच येत नाही.

आगबोटींवर या प्रश्नांची धार जाणवली नाही, कारण तेथे जागा मुबलक आणि इंजिनाची गती तासन्‌तास एकसारखी. विमानाच्या बाबतीत निकड निराळीच होती. उंचीवर हवा विरळ झाली की इंजिनाची शक्ती ओसरते. म्हणून सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने १९१८ साली लिबर्टी जातीचे विमान-इंजिन कोलोराडोतील चौदा हजार फुटांहून उंच अशा पाइक्स पीकवर चढवून तेथे आपल्या टर्बोची परीक्षा घेतली. दुसऱ्या महायुद्धातील पी-४७ या लढाऊ विमानात तर टर्बोला नाकाजवळ थाराच मिळाला नाही. त्याची स्थापना वैमानिकाच्या पाठीमागे, शेपटीकडच्या भागात झाली. इंजिनाचे तप्त वायू पोटाखालील नळांतून मागे जात, आणि दाबलेली हवा शीतक ओलांडून दुसऱ्या नळांनी पुढे येई. एवढा लांबचा फेरा खपून गेला, कारण उंच आकाशात एका चालीने उडणाऱ्या विमानाला क्षणाक्षणाला वेग कमीजास्त करण्याचे प्रयोजन नसते.

मोटारगाडीचा स्वभाव याच्या नेमका उलट. तिचे इंजिन घटकेत मिनिटाला हजार फेऱ्यांवर रेंगाळते, घटकेत सहा हजारांवर धावते. मोठे चक्र बसवावे तर ते जड असल्यामुळे उशिरा जागे होते, आणि पाय दाबूनही गाडी पिकअप घेत नाही. लहान बसवावे तर ते चटकन फिरू लागते, पण वरच्या गतीला वायूंच्या वाटेतच धोंड होऊन बसते. १९५२ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियनने पात्रता-फेरीत ताशी १३८ मैलांची गती गाठून तिला सर्वांच्या पुढची जागा मिळवून दिली. परंतु हवा ओढण्याचे तोंड पुढे, जमिनीलगत ठेवलेले असल्यामुळे धावपट्टीवरील रबराचा चुरा आणि केरकचरा आत जाऊन ते चोंदले, आणि दोनशेपैकी सत्तरेक फेऱ्यांतच गाडीला माघार घ्यावी लागली. आकाराच्या निवडीत काही उणे नव्हते. घात केला तो जागेने. (पुढे दहा वर्षांनी किर्लोस्करांशी भागी करून पुण्यात कोथरूडला कारखाना काढणारी कमिन्स ती हीच.)

१९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअर या गाड्यांनी टर्बो सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात आणला. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोत दोन लिटरांच्या इंजिनातून १७० अश्वशक्ती निघाली, पण ती बराच वेळ रुसून एकदम अंगावर येणारी. या रुसव्यावर साबच्या अभियंत्यांनी १९७७ साली असा उपाय योजला की, टर्बो मुद्दाम लहान घ्यावा, म्हणजे तो मध्यम गतीलाच हवा दाबू लागेल, आणि जास्तीचा वायू झडपेवाटे परस्पर सोडून द्यावा. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या रेनॉने मात्र व्ही-आकाराच्या सहा सिलिंडरांवर एकच मोठा टर्बो ठेवला आणि दिरंगाई व मोडतोड यांचे भोग भोगले. १९७९ साली त्याऐवजी तीन-तीन सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेला एक असे दोन लहान टर्बो लावले, तेव्हा चक्रे हलकी झाली, नळ आखूड झाले, आणि जुलैत दिजाँ येथे रेनॉचा चालक जाबुई याने फॉर्म्युला वनमधला टर्बो-गाडीचा पहिला विजय मिळवला. २०१४ साली मर्सिडीजने तर तप्त चक्र इंजिनाच्या मागे आणि हवा दाबणारे पुढे ठेवून, मधला लांब दांडा व्हीच्या खोबणीतून नेला. उष्णतेपासून दूर राहिल्याने हवा थंड राहिली, शीतक लहान पुरला, आणि त्या मोसमातल्या १९ पैकी १६ शर्यती त्या गाड्यांनी जिंकल्या.

जुनी गाडी घेऊन तिची शक्ती वाढवू पाहणाऱ्याला या दप्तरातून बोध घेण्यासारखा आहे. मॅनिफोल्डला बिलगून टर्बो बसवला तर वायूंची उष्णता आणि धक्का दोन्ही पदरात पडतात, पण शेजारच्या वायरी, रबरी नळ्या आणि ब्रेकचे तेल भाजून निघणार नाही असा पत्र्याच्या आडोशाचा बंदोबस्त करावा लागतो. इंजिनाच्या कोठडीत जागाच नसेल आणि पी-४७ च्या धर्तीवर तो मागे, सायलेन्सरच्या ठिकाणी न्यावा लागला, तर तेथवर पोचेतो वायू थंडावून आकसतो, म्हणून चक्राचे कवच अधिक चिंचोळे निवडावे लागते. शिवाय टर्बोतील ऑइल आपल्या वजनाने खाली सम्पमध्ये उतरायचे असते. टर्बोच खाली गेला की ते वर खेचून आणायला निराळा पंप लागतो, आणि तो विसरणाऱ्याची गाडी निळा धूर ओकते. तेव्हा गाडी घाटातून हाकायची की पाव मैलाच्या सरळ शर्यतीत, हे आधी ठरवावे. मग बॉनेट उघडून फूटपट्टीने मोकळी जागा मोजावी. आणि आकारांचे तक्ते त्यानंतरच उघडावेत, कारण त्यांतील निम्म्या नोंदी त्या फूटपट्टीनेच बाद केलेल्या असतात.