तोड्याची बंदूक, शिशाची गोळी आणि नेम

इ. स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. परंतु साक्री-पिंपळनेरच्या डोंगरांपासून सातपुड्यापर्यंत वस्ती असलेल्या भिल्लांनी ही सत्ता सहजासहजी मानली नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तरीही १८५७ मध्ये काजरसिंग नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत त्यास जबर तडाखा बसला. या पराभवाचा विचार करताना नेत्यांचे गुणदोष पाहिले जातात. भिल्लांच्या हाती तिरकमठ्याबरोबर असलेल्या तोड्याच्या बंदुकीची घडण मात्र दुर्लक्षित राहते.

या बंदुकीची सारी क्रिया मराठी शब्दांत साठून राहिली आहे. दारू व गोळी नळीत ठासून ‘बार’ भरावयाचा, कानावर ‘रंजक’ घालावयाची आणि पेटत्या ‘जामगी’ने ती शिलगावयाची. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार याच व्यवहारातला. गोळी शिसे वितळवून साच्यात ओतलेली असे. काळ्या दारूची काजळी नळीत साचत असल्याने गोळी नळीहून किंचित लहान ठेवणे भाग पडे. अशी सैल गोळी नळीत आपटत बाहेर पडे व शेवटच्या आघाताने तिचा रोख बदले. नेम कितीही पक्का असला, तरी लांबच्या लक्ष्याची खात्री नसे.

मळसूत्री खाचांच्या नळीने गोळीस फिरकी मिळते व ती रोख सोडत नाही. मात्र गोळी खाचांत घट्ट बसली पाहिजे. १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने पोकळ बुडाची गोळी प्रचारात आणली. ती सैलपणे आत जाई व स्फोटाच्या दाबाने फुगून खाचांत रुते. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत हेच तत्त्व होते. त्यासाठी शिसे मऊच हवे.

पुढे अमेरिकेत खटक्याच्या दांड्याने काडतूस भरणाऱ्या रायफली आल्या. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये काळी दारू व शिशाची गोळी चाले. १८९४ च्या नमुन्यात लवकरच बिनधुराची दारू आली आणि वेग वाढला. त्या वेगात मऊ शिसे खाचांवरून घसरते व नळीस चिकटते. म्हणून ओतीव गोळीत कथिल व अँटिमनी मिसळून ती कठीण करावी लागते, तिला वंगण द्यावे लागते आणि तिचा व्यास खाचांच्या व्यासाहून किंचित अधिक ठेवावा लागतो. पाऊणशे वर्षांत साधन पालटले, शिशाचा गुण उलटा झाला. पण गोळी व नळी यांच्या मेळाचा नियम तोच राहिला.

मराठीत तोड्याच्या बंदुकीच्या अंगोपांगांस रुळलेली नावे आहेत. ‘रायफल’ हा शब्द मात्र वस्तूबरोबर जसाच्या तसा आला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली व या नव्या विद्येशी सामान्यांचा परिचय आणखी दुरावला. तात्पर्य, हुकलेल्या गोळीवरून भिल्लांचे कसब जोखणे इतिहासास धरून होणार नाही. नेम धरणाऱ्याचा हात पक्का असूनही सैल गोळी त्यास दगा देत होती.