बी.एड.

बी.एड. : माध्यमिक शाळेत शिकवण्याची अर्हता देणारी शिक्षणशास्त्रातील विद्यापीठीय पदवी. आधी विषयाची पदवी आणि मग शिकवण्याची, असा तिचा क्रम असल्याने ती बी.ए., बी.एड. किंवा एम.एस्सी., बी.एड. अशी जोडूनच लिहिली जाते. जुन्या शिक्षकांच्या तोंडी तिचे नाव ‘बी.टी.’ असे आहे. प्राथमिक शिक्षकांच्या डी.एड. (आता डी.एल.एड.) पदविकेहून ती वेगळी आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

इतिहास : हिंदुस्थान सरकारच्या १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात पदवीधर शिक्षकांसाठी एक वर्षाचे प्रशिक्षण आणि त्याअखेर विद्यापीठाची पदवी अथवा पदविका असावी, अशी शिफारस होती. पुढची शंभरेक वर्षे ‘एक वर्ष’ हेच माप टिकले. मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये पदव्युत्तर एम.एड. सुरू केली. स्वातंत्र्यानंतर रयत शिक्षण संस्थेने १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन काढले, तेव्हा खेड्यांतल्या हायस्कुलांत शिकवणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची सोय जवळ आली.

कोठारी शिक्षण आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. प्रशिक्षण महाविद्यालये विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासून तुटलेली आहेत, असे निदान या आयोगाने केले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतरच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांची केली. २०१५ पासून तसे प्रवेश झाले.

रचना : वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, ५० विद्यार्थ्यांची एक तुकडी; उपस्थिती तासिकांना ८० टक्के आणि छात्रसेवाकाळात ९० टक्के. छात्रसेवाकाळ म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याचा काळ. तो दोन वर्षांत मिळून २० आठवडे असतो. त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. शैक्षणिक मानसशास्त्र, शिक्षणाची तात्त्विक व समाजशास्त्रीय बैठक, मूल्यमापन हे सैद्धान्तिक विषय. शालेय विषयाच्या अध्यापन पद्धतीला बोलीत ‘मेथड’ म्हणतात. आशययुक्त अध्यापन हा इथला वैशिष्ट्यपूर्ण घटक : आशयाचे विश्लेषण आणि पद्धतीची निवड एकत्रच करायची, हे त्याचे सूत्र.

सराव पाठ : या पदवीचा गाभा. जुन्या पाठाचा आराखडा हर्बार्टच्या पंचपदीवर, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांवर, बेतलेला असे. नंतर ब्लूमच्या वर्गीकरणाच्या प्रभावाने ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ यांचा रकाना टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, आला. आज पहिली पायरी सूक्ष्म अध्यापनाची असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालेले हे तंत्र भारतात रुजवण्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने मोठे काम केले. प्रचलित भारतीय वेळापत्रक असे : शिकवणे ६ मिनिटे, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा शिकवणे ६, पुन्हा प्रत्याभरण ६, एकूण ३६ मिनिटे. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे : सज्जता प्रवर्तन, प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन. समोर सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात. सुटी कौशल्ये जोडणारे सेतुपाठ त्यानंतर होतात आणि मग शाळेतल्या खऱ्या वर्गावर पूर्ण तासिकेचे पाठ.

पाठाच्या आदल्या दिवशी टाचण मार्गदर्शकांकडून तपासून घ्यावे लागते. पाठ चालू असताना मार्गदर्शक आणि सहाध्यायी मागच्या बाकावर बसून निरीक्षण नोंदवतात. प्रश्न मोघम होता का, उत्तर न आलेल्या मुलाकडे शिक्षक परत वळला का, फळ्यावरचे अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येते का, अशा बारीक गोष्टी तिथे टिपल्या जातात. एरवी वर्गाचे दार लागले की शिक्षकाचे काम दुसऱ्या शिक्षकाच्या नजरेस क्वचितच पडते. बी.एड.च्या काळात ते रोज पडते आणि त्यावर लगेच बोलले जाते. म्हणूनच टाचण दुसऱ्याचे उतरवून काढले किंवा पाठ न घेताच निरीक्षण वही भरली, तर पदवीतला सर्वांत मोलाचा भाग हातचा जातो. गुणपत्रकात मात्र ते दिसत नाही.

प्रवेश : राज्य सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे. पदवीला किमान ५० टक्के गुण. राखीव प्रवर्गांना सवलत.

नेमणूक व सेवा : खाजगी शाळांतील सेवाशर्ती १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनी ठरतात. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातली किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची हवीत. ज्येष्ठता यादीत बी.एड. पदवीधर ‘क’ प्रवर्गात येतात. सेवेत असताना बी.एड. झालेल्यांची ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून धरावी, यावर बरीच प्रकरणे न्यायालयात गेली आहेत.

पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आवश्यक आहे. महाराष्ट्रात ती २०१३ पासून होते. अनुदानित शाळांतील भरती अभियोग्यता चाचणीतील गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलमार्फत होते. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये दरमहा १८,००० रुपये झाले. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला.

गोवा : पणजीचे निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन व फोंड्याचे डॉ. दादा वैद्य कॉलेज ऑफ एज्युकेशन ही प्रमुख महाविद्यालये.

पुढील दिशा : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) २०३० पर्यंत बारावीनंतरची चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावयाची आहे, तिची सुरुवात २०२३-२४ मध्ये झाली. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाची बी.एड. २०२५ च्या मसुदा विनियमांत पुन्हा आली आहे. कालावधी एकाचे दोन, दोनाचे चार आणि पुन्हा एक असा बदलत असताना, प्रत्येक छात्राध्यापकाचे किती पाठ कोणी मागच्या बाकावर बसून खरोखर पाहिले, हा हिशेब वर्षांच्या हिशेबाआधी मांडला गेला पाहिजे.