परळची सलाईन, नंदुरबारचा रसायनशास्त्रज्ञ आणि एका झाडाची साल

१/ परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फूटपाथवर गावोगावची कुटुंबे फायलींच्या पिशव्या उशाशी घेऊन मुक्काम करतात. त्या फायलींत अनेकदा एका औषधाचे नाव आढळते : पॅक्लिटॅक्सेल. त्याचा इतिहास एका सूचिपर्णी वृक्षाच्या सालीपासून सुरू होतो आणि त्यात मुंबई विद्यापीठाचा एक पदवीधर आहे. हा धागा त्याच्यासाठी.

२/ मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, मग भवन्स महाविद्यालयात अध्यापन. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत संशोधन.

३/ त्याच वर्षी, कर्करोगावर गुणकारी वनस्पतींच्या सरकारी शोधमोहिमेत, वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू या वृक्षाचे नमुने गोळा केले. पुढे ते वॉल-वाणी यांच्याकडे आले.

४/ सुमारे १२ किलो वाळलेल्या सामग्रीतून हाती आले ते अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य. वॉल यांनी त्याला 'टॅक्सॉल' म्हटले. त्याची रेणुरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या शोधनिबंधावर पहिले नाव वाणी यांचे आहे.

५/ तरीही औषध मागेच राहिले. द्रव्य दुर्मीळ, पाण्यात न विरघळणारे. शिवाय ते पेशीत नेमके काय करते, हे कोणास ठाऊक नव्हते. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ते कोडे सोडवले.

६/ पेशीलाही सांगाडा असतो. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका त्याचा एक भाग. त्या सतत जुळतात आणि सुटतात; पेशी विभागताना गुणसूत्रे त्यांच्याच आधारे वेगळी होतात. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी औषधे नलिका जुळूच देत नाहीत. टॅक्सॉल उलटे करते : ते नलिका सुटू देत नाही. विभाजन अडते आणि पेशी मरते.

७/ सुटणे इतके महत्त्वाचे का, हे सूचिपर्णी वृक्षांच्या भ्रूणातही दिसते. स्प्रूसच्या भ्रूणावरील २००३ च्या संशोधनानुसार, ज्या भागातून रोप घडते तेथील पेशींत सूक्ष्मनलिकांचे जाळे टिकते. त्याला आधार देणाऱ्या लांबट पेशींत मात्र ते मोडते, अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे जाड दोर उरतात आणि अखेर त्या पेशी मरतात. सांगाडा कोठे ठेवायचा आणि कोठे मोडायचा, यावर घडण अवलंबून.

८/ १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी औषधाला मान्यता मिळाली. 'टॅक्सॉल' हे नाव कंपनीचा ट्रेडमार्क झाले. द्रव्याला नवे नाव मिळाले, पॅक्लिटॅक्सेल. साल सोलली की झाड मरते, म्हणून रुग्णाचा जीव की जंगल, असा वाद पेटला. हिमालयातील यू वृक्षावरही कुऱ्हाड चालली. पुढे यूच्या पानांतील द्रव्यापासून आणि टाक्यांत वाढवलेल्या यूच्या पेशींपासून औषध बनू लागले, तेव्हा सालीवरचा भार हलका झाला.

९/ वाणी २०२० मध्ये वारले. औषधाच्या बाटलीवर शोधकाचे नाव छापत नाहीत. ते जपणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम. परळच्या फूटपाथवर बसलेल्या माणसाच्या हाती जो कागद आहे, त्यात नंदुरबारही आहे आणि एक अरण्यही.

(धागा समाप्त)