मोरपीस आणि गळ

पांढरकवडा हे गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर, विदर्भाच्या कापूसपट्ट्यात वसलेले. जवळच्या टिपेश्वर अभयारण्यात पावसाळा सरू लागला की मोर आपला पिसारा झाडतो. मुले पुस्तकात जपून ठेवतात त्या मोरपिसाला सागरी मासेमारीच्या इतिहासातही मानाचे स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

नव्या करारात गळाने मासा धरण्याचा प्रसंग एकदाच येतो. मंदिराचा कर भरण्यासाठी प्रभू येशूने पेत्राला समुद्रावर धाडले, ती कथा संत मत्तयने नोंदविली आहे. गळाला खऱ्या आमिषाऐवजी पिसे बांधून माशाला चकविण्याची कलाही जुनीच. मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत, असे एलियन या रोमन लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे.

पुढे १४९६ साली इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापल्या गेलेल्या एका ग्रंथात अशा बारा कृत्रिम कीटकांच्या कृती आल्या. त्यांपैकी एकीत हिरव्या लोकरीवर मोरपिसाचा तंतू गुंडाळण्यास सांगितले आहे. परंपरा या ग्रंथाचे श्रेय सॉपवेल येथील भगिनी-मठाच्या प्रमुख डेम ज्युलियाना बर्नर्स यांना देते. संशोधकांना मात्र ते निर्विवाद वाटत नाही. कर्ता कोणीही असो, त्याने घालून दिलेला नियम मोलाचा आहे: लोभापायी गरजेपेक्षा अधिक मासे धरू नयेत आणि पाण्याकाठच्या एकांतात प्रार्थना म्हणावी.

नदीतील मासा कीटक टिपतो. समुद्रातील शिकारी माशाला लहान मासोळी हवी असते. आपल्या कोकण किनाऱ्यावर सुरमई तारलीच्या थव्यावर कशी तुटून पडते, हे वसईच्या कोळी बांधवांना सांगावयास नको. तेव्हा समुद्रात गळाला कीटकाचे नव्हे, मासोळीचे रूप द्यावे लागते. अमेरिकेतील लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरासाठी असा एक नमुना बांधला. गळ चिमट्यात धरून मागे कोंबड्याची लांब पिसे शेपटीसारखी, पुढे भोवती हरणाच्या शेपटीचे पांढरे केस आणि पाठीवर मोरपिसाचे गडद तंतू, अशी ती रचना. मासोळीची पाठ काळसर व पोट रुपेरी असते. त्यामुळे वरून ती खोल पाण्यात आणि खालून उजळ आकाशात मिसळून जाते. निसर्गाची ही योजना मोरपिसाने हुबेहूब साधली. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या नमुन्याचे तिकीटही काढले.

मासोळीचा डोळा दाखविण्यासाठी आपल्याकडील आणखी एक पक्षी कामी आला. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना मीनाकारी केल्यासारखे पिवळसर पांढरे ठिपके असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधील साल्मन माशाच्या गळांसाठी या पिसांना मोठी मागणी आली. त्याच काळात युरोपीय स्त्रियांच्या टोप्यांसाठीही भारतीय पक्षी मारले जात होते. मठाचा तो नियम एव्हाना विस्मृतीत गेला होता. अखेर १९०२ साली ब्रिटिश सरकारने वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यास बंदी घातली. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला कडक संरक्षण मिळाले. मोर मारणे गुन्हा आहे. आपोआप गळलेली पिसे मात्र देशात बाळगता येतात.

त्यामुळे ही कला बुडाली नाही. परदेशात रानकोंबडे पाळून पिसे मिळविली जातात. प्लास्टिकचे डोळे व कृत्रिम धागेही आले. अमेरिकेच्याच बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात गळाला शिशाचे जड डोळे बांधून जखमी मासोळीची खालीवर चाल साधली. त्यासाठी रानकोंबड्याचा जीव घ्यावा लागला नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घरातील वस्तू वापरण्यास कोणाची मनाई नाही. मोराने आपणहून टाकलेले पीस उचलणे आणि पिसासाठी मोर मारणे, यांतील अंतर ओळखणे एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.