‘एकवीस’ द्यूताचे नियम व खेळणाराचें नफानुकसान

द्यूताचा इतिहास लिहितांना जिंकणारांच्या कथांवर भर देण्याची रीत आहे. आमच्या मतें खरा पुरावा नियमांत सांपडतो. ब्लॅकजॅक ऊर्फ ‘एकवीस’ या पत्त्यांच्या खेळापुरतें तें येथें दाखवितों.

स्पॅनिश ग्रंथकार सर्व्हान्टिस याच्या १६१३ सालीं छापलेल्या एका कथेंत याच जातीचा खेळ येतो. एक्का १ किंवा ११ मोजतां येतो. म्हणून तो आपणांस येणार हें ज्यास आधींच ठाऊक त्याचें पारडें जड, असें त्यांतील ठक सांगतो.

द्यूतगृहाचा मुख्य लाभ एका साध्या कलमांत आहे. खेळणारानें आधीं पानें घ्यावयाचीं; त्याची बेरीज २१ वर गेली कीं पण गेला, मग मागाहून वांटणाराचीही तशीच गत होवो. उलट, वांटणारास १६ पर्यंत पान घेणें व १७ वर थांबणें भाग. खेळणारास मात्र थांबणें, पण दुप्पट करणें, जोडी फोडणें यांची मोकळीक. तिचें मोल १९५६ सालीं बाल्डविन, कँटी, मेसेल व मॅकडर्मट या चौघांनीं साध्या गणनयंत्रांवर काढलें. चोख खेळणाराचा तोटा शेंकडा एकाहूनही कमी ठरला. गेलेलीं पानें ध्यानांत ठेवल्यास पारडें त्याच्याकडेही झुकतें, हें एडवर्ड थॉर्प यानें १९६२ सालीं ग्रंथरूपानें मांडलें.

द्यूतगृहें बिथरलीं. एप्रिल १९६४ मध्यें लास वेगास येथें पण दुप्पट करण्याची मुभा फक्त ११ च्या बेरजेवर ठेवण्यांत आली व एक्क्यांची जोडी फोडण्यास मनाई झाली. गिऱ्हाईक रोडावलें, कांहीं आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले.

एकविसाव्या शतकांत निराळी युक्ति पसरली. पहिल्या दोन पानांत एक्का व दहाच्या मोलाचें पान आल्यास २ ला ३ या दरानें मिळत असे. अनेक मेजांवर तें ५ ला ६ झालें. म्हणजे १० डॉलरांच्या पणास १५ ऐवजीं १२. हा योग सुमारें २१ डावांत एकदां येतो. त्यामुळें तोटा शेंकडा सुमारें १.४ नें वाढतो. १९६४ च्या बदलाहून हा भार हलका नव्हे. तरीही दर मेजावर उघड छापलेला असतां तीं मेजें टिकलीं.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, हातची मोकळीक गेलेली मनुष्यास तत्काळ कळते, दरांतील घट कळत नाहीं. सर्व्हान्टिसच्या ठकास एक्का लपवावा लागे. नियम करणारास कांहींच लपवावें लागत नाहीं.