भीमबेटका आणि असीरगडावरचं माझं नाव


बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आपल्या बुऱ्हाणपूरच्या आठवणी इथे नेहमीच वाचतो. आजची गोष्ट जरा लांबची आहे, पण फिरून असीरगडावरच येणार आहे.

बुऱ्हाणपूरहून भोपाळला रेल्वेने गेलेल्यांना तो रस्ता पाठ असेल. खंडवा, इटारसी, मग होशंगाबादला नर्मदेचा पूल, बुधनी, घाट, बरखेडा, ओबेदुल्लागंज. बँकेत असताना चार वर्षं माझी बदली भोपाळला होती. महिन्यातून दोनदा तरी याच गाडीने राजपुऱ्याला घरी यायचो. पुलावर नर्मदामाईला हात जोडायचे, की इकडे पेपर नाहीतर झोप. बाहेर बघायला होतं काय? सागाचं जंगल आणि डोंगरावरचे खडक.

तेच खडक १९५७ साली उज्जैनच्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले. वाकणकर आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. जन्म १९१९चा, नीमचचा. मूळचे चित्रकार. त्या खडकांचा आकार पाहून त्यांना चित्रांच्या गुहांची शंका आली, ते वाटेत उतरले आणि चालत डोंगरावर गेले, असं सांगतात. जागा सरकारी कागदात अगदीच नव्हती असं नाही. १८८८ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या आदिवासींकडून ऐकून बौद्ध अवशेष म्हणून तिची नोंद केली होती. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर नोंद होती, पण चुकीच्या खात्यात. वाकणकरांनी ती बरोबर खात्यात आणली आणि आयुष्यभर अशी चित्रं शोधत हिंडले. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ साली भीमबेटका युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. मी मात्र २००३ साली पण पेपरातच वाचलं आणि पान उलटलं.

शेवटी मागच्या वर्षी मुलाने गाडी काढली आणि नातवासकट आम्ही गेलो. भोपाळपासून दक्षिणेला पंचेचाळीस किलोमीटर. माझ्या वयाच्या मंडळींना मुद्दाम सांगतो, गुडघ्यांची काळजी करू नका. गाडी वरपर्यंत जाते, पुढे बांधलेली पायवाट आहे, एक-दीड किलोमीटरची. सावकाश चाललं तरी दोन तासांत होतं. पाणी मात्र बरोबर घ्या, उन्हात खडक चांगलेच तापतात. एकूण सातशेच्या वर खडक-निवारे आहेत, बघायला उघडे ठेवलेत ते थोडेच, पण तेवढे पुरतात.

गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा येतो. इथे तसं कोरीव काही नाही. वाळूच्या दगडाचे प्रचंड खडक वाऱ्यापावसाने खालून पोखरलेले, त्यामुळे वर आपोआप छत झालेलं. त्या छताखाली चित्रं. बहुतेक पांढरी आणि गेरूची लाल. हरणं, गवे, हत्ती, शिकारी, फेर धरून नाचणारी माणसं. जुनी चित्रं साधारण दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. आणि त्याच डोंगरावर घोड्यावर बसलेले, हातात तलवार-भाला घेतलेले स्वारही आहेत, ते फार नंतरचे. एका खडकावर इतके प्राणी आहेत की त्याला 'झू रॉक' म्हणतात. तिथे एका जनावराच्या अंगावर दुसरं, त्यावर तिसरं. प्रत्येक काळातल्या माणसाने आपलं चित्र काढलं, पण आधीचं खरवडून टाकलं नाही. खालचं अजून दिसतं.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला यातलं कलेचं फार कळत नाही. पण हे कळलं. आमच्या लेजरचाही हाच नियम होता. खोडरबर चालायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

सगळ्यात मोठ्या गुहेत एका लहान मुलाच्या हाताचा ठसा आहे. नातू नऊ वर्षांचा. त्याने हात न लावता लांबूनच आपला पंजा त्याच्यासमोर धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, यांनी आपलं नाव का नाही लिहिलं?"

मी म्हटलं, "अरे, तेव्हा अक्षरंच नव्हती."

"मग अक्षरं आल्यावर लोक भिंतीवर नाव लिहायला लागले का?"

मी काही बोललो नाही.

मंडळी, १९६३ साली आमच्या शाळेची सहल असीरगडाला गेली होती. डबा खाऊन झाल्यावर आम्ही चार मुलांनी कंपासपेटीतल्या कर्कटकाने गडावरच्या एका जुन्या भिंतीच्या गिलाव्यावर आपापली नावं कोरली होती. माझं आडनावासकट. त्या दिवशी फार मोठा पराक्रम वाटला होता. त्याच गडाच्या खडकावर बादशहांचे फारसी लेख आहेत. १६०१ साली अकबराने गड घेतला, त्याचा लेख आहे. आम्हाला वाटलं, त्यांनी लिहिलं, आपण पण लिहू.

हे मी साठ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीत नातवाला सांगितलं. तो हसला नाही. "आबा, मला दाखवा," एवढंच म्हणाला.

दिवाळीत तो आला तेव्हा गेलो. वीसेक किलोमीटरच तर आहे. भिंत सापडली. माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं शिल्लक आहेत. बाकीची नाहीत, कारण जिथे कोरलं होतं तिथून चुना सुटून खाली पडलाय आणि आतली वीट उघडी पडलीय. आजूबाजूला पंचवीस-तीस नावं, बदामातली, बाणातली, पुष्कळशी आपल्याच गावच्या मुलांची असणार. तिथला गिलावा पण तसाच ढासळतोय.

स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेतली चित्रं १८७९ साली एका आठ वर्षांच्या मुलीने वर मान करून पाहिली. मोठमोठ्या विद्वानांनी तिच्या वडिलांना खोटं ठरवलं. त्यांतल्या एका फ्रेंच पंडिताने १९०२ साली आपली चूक छापून कबूल केली. तोवर मुलीचे वडील वारले होते. उशीर झाला, पण कबुली लिहून ठेवली हे बरं केलं.

आपल्या गावच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाच्या काळचा अरबी लेख आहे आणि संस्कृतही आहे. दोन्ही शाबूत. दुसऱ्याचं न मोडता लिहिणं आपल्या गावाला चारशे वर्षांपूर्वी जमत होतं.

नातवाने विचारलं, "आता ही दोन अक्षरं पुसायची का?" मी नको म्हटलं. घासायला गेलो तर उरलेला चुनाही पडेल. तेव्हा लेजरच्या नियमाप्रमाणे ही माझी रेघ आणि ही माझी सही समजा.

त्या सहलीतले बाकीचे तिघे कोण ते मी लिहीत नाही. वाचत असतील तर त्यांनी आपणहून लिहावं. आणि नातवंडांना घेऊन असीरगडाला एकदा जाऊन यावं. कर्कटक घरी ठेवून.