कातिबांचा हात

अंबरनाथच्या माझ्या वर्गातली मुलं फोनवर उर्दू टाइप करतात. ती विचारतात, "सर, अख्खं वर्तमानपत्र हातानं लिहायचे?" होय. मुंबईत 1938 साली सुरू झालेला 'इन्किलाब' असो वा दुसरं उर्दू दैनिक, पानंच्या पानं कातिब लिहीत. मराठीची अक्षरं शिशाच्या खिळ्यांत बसली. नस्तालीकची तिरपी, एकमेकांवर उतरणारी वळणं नीट बसेनात. म्हणून कातिबाची रोजी टिकली.

पाकिस्तानचे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरं लिहिली, मोनोटाइप कंपनीनं ती संगणकात घातली. 1981 मध्ये लाहोरचा 'जंग' त्यांत छापला गेला. जमील यांनी या लिपीला वडिलांवरून 'नूरी' नाव दिलं. 1994 मध्ये भारतात 'इनपेज' आलं आणि कातिबांचं काम सुटत गेलं.

आज लेखक यंत्राला घाबरतात, तेव्हा मला हे आठवतं. यंत्रानं अक्षर घेतलं ते माणसाच्याच हातून. जमील यांचं नाव राहिलं. बाकीच्यांची नोंद कुठे? उल्हासनगर, बदलापूरकडे तुमच्या ओळखीत एखादे जुने कातिब असतील, तर त्यांच्याशी बोला आणि लिहून ठेवा.